बंद घर कसं मोजायचं

बाई,

श्रीनिवासचा फोन आला तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. "सर, अम्मा गेली," एवढं बोलून तो थांबला. मग पुण्यात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या तुमच्या या मुलानं अगदी बारीक आवाजात विचारलं, "कुठं न्यायचं तिला, सर? ती कधी काही बोललीच नाही. इथंच करून टाकू असं सगळे म्हणतायत. तुम्ही दोघं इतकी वर्षं लोकांना हाच प्रश्न विचारत हिंडलात. तुम्हाला तर तिनं सांगितलंच असेल की."

"सोलापूरला आण," मी म्हणालो.

घसासुद्धा खाकरला नाही. फोन ठेवला, चहा गार झाला, आणि मग ध्यानात आलं की या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मला कधीच दिलं नव्हतं. तुमच्या वतीनं मी ते देऊन बसलो होतो, आणि तेही अंदाजानं. तुमची गाडी टेंभुर्णीच्या आसपास आली असेल, तेव्हा तुमचा आवाज माझ्या कानात सुरू झाला. "दत्ता, आधार काय?" माझ्या प्रत्येक वाक्यावर तुम्ही हेच विचारायचात. इतकी वर्षं ऐकून घेतलं, आता तुम्ही गेल्यावरही सुटका नाही.

तर आधार द्यायला बसलोय. घरातली माणसं म्हणतात, आत्ताच कुठं दहावं झालंय, थोडं थांब, मन शांत होऊ दे, मग लिही. मन शांत झाल्यावर मी तुमच्याशी भांडणार कसा?

वाचणाऱ्यांना आधी सांगायला हवं, नाहीतर त्यांना वाटेल ही काय अभद्र माणसं. आपण दोघं अर्थशास्त्राचे मास्तर. तुम्ही थोर, मी तुमच्या हाताखाली आलो आणि तिथंच रमलो. माणसं गाव का सोडतात, सोडल्यावर त्यांचं भलं होतं का, मागं राहिलेल्यांचं काय होतं, हा आपला विषय. त्यासाठी गावोगाव आणि गल्लोगल्ली हिंडायचं. शेत किती, कोण कुठं कामाला, येणं-जाणं कसं, असले सरळ प्रश्न विचारायचे. ते संपले की तुम्ही चष्मा वर सरकवायचात आणि समोरच्याला अगदी सहज विचारायचात, "आणि मेल्यावर कुठं न्यायचं तुम्हाला?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चपला घालून पळायच्या बेतात होतो. माढ्याकडचं गाव, माझ्याच पाहुण्यातलं घर, आपल्यासाठी घोंगडी अंथरलेली, आतून चहाचा वास येतोय, आणि तुम्ही घरच्या म्हाताऱ्याला मरणाचं विचारताय. तो तासभर पोराचं कौतुक सांगत होता. चाकणला कंपनीत आहे, फ्लॅट घेतलाय, सून नोकरी करते. तुमच्या प्रश्नावर ते कौतुक मध्येच तुटलं. मला वाटलं आता काठी उचलतोय. मग जमिनीकडं बघत म्हणाला, "पोरगं तिकडंच चला म्हणतंय. जाईन की. पर शेवटाला हितंच आणा म्हणावं. हिरीच्या वरल्या बांधाला." आणि चहा आला तसा पुन्हा सुनेच्या नोकरीवर गेला.

परतताना एसटीत मी तुमच्यावर उखडलो. माझी सोयरीक मोडायची वेळ आणलीत म्हणालो. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत भुईमुगाच्या शेंगा खात होतात. "रेशनकार्ड दोन ठिकाणी असू शकतं," तुम्ही म्हणालात, "यादीत नाव दोन ठिकाणी असू शकतं. मढं एकच असतं. माणूस कुठला आहे हे मला दुसऱ्या कुठल्या प्रश्नानं कळेल, सांग."

"जित्या माणसाला जित्यापणीचं विचारावं," मी म्हणालो.

"मग तसा प्रश्न काढ. मी माझा खोडते."

मला तो सापडला नाही. त्या एसटीत नाही आणि नंतरही नाही. तुम्ही मधूनमधून खवचटपणे आठवण करून द्यायचात, "काय दत्ता, जित्या माणसाचा प्रश्न निघाला का?"

सगळीकडं तुमचा प्रश्न चालला असंही नाही हं. मंगळवेढ्याकडच्या त्या मेंढपाळानं तुमची फे फे उडवली होती. दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन निघणारा माणूस. त्याला विचारलं तर म्हणाला, "जितं पडंल तितं. मेंढरं काय दहाव्याला थांबत्यात व्हय?" त्याची बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली, मग तुम्हीही हसलात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी म्हटलं, बघा, वर्षातला निम्मा काळ हा घरी नसतो, आणि तरी गाव सोडलंय असं त्याला कुणी म्हणत नाही. तुमचा प्रश्न इथं काय मोजतो? तुम्ही म्हणालात, "माझा प्रश्न लंगडा आहे हे मला माहीत आहे. तुझ्याकडं तर तोही नाही."

आणि दुधनीची ती बाई. दारात बसून तूर निवडत होती, मराठीत मध्येच कानडी मिसळत होती. तिचे दोन्ही मुलगे बाहेर. तुम्ही नेहमीप्रमाणे शेवटाला आलात. तिनं सूप खाली ठेवलं, तुम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "तुमी पयलं सांगा की अक्का. तुमाला कुटं नेत्यात?"

तुम्ही अडकलात. उभ्या आयुष्यात मी तुम्हाला अडकलेलं त्या एकाच वेळी पाहिलं. "माझं अजून ठरलं नाही," तुम्ही म्हणालात.

"मग ठरवा की. लोकास्नी विचारत फिरालाय," असं म्हणून ती परत तूर निवडायला लागली.

त्या दिवसापासून माझ्या हातात हत्यार आलं. तुम्ही माझा लेख लाल शाईनं रंगवलात की मी विचारायचो, "बाई, ठरलं का?" तुम्ही चर्चासत्रात कुणाला झोडपून खाली उतरलात की विचारायचो, "ठरलं का?" तुमचं उत्तर एकच, "तू तुझं बघ." माझं काय, माझं ठरलेलंच होतं. नोकरी, घर, बायकामुलं सगळं सोलापुरात, पण कुणी विचारलं की मी अजूनही छाती काढून गावाचं नाव सांगतो. तुम्हाला त्याची गंमत वाटायची.

तुमचं प्रकरण अवघड होतं हे मला कळत होतं. तुमचे आजोबा तेलंगणातून हातमागावर काम करायला आले. तुमचा जन्म इथला, तुमच्या वडिलांचाही इथलाच, तरी लोक तुम्हाला "मूळचे कुठले?" विचारायचे थांबत नव्हते. एका समारंभात एक पाहुणे मागंच लागले. तुम्ही म्हणालात, "सोलापूर." ते म्हणाले, "तसं नव्हे, त्याआधी?" तुम्ही म्हणालात, "त्याआधी मी नव्हते." ते गृहस्थ हसले, तुम्ही हसला नाहीत. आपल्या प्रश्नांच्या यादीतून "मूळ गाव" हा शब्द तुम्ही त्याच आठवड्यात काढायला लावलात. मी विरोध केला. तो शब्द काढला तर स्थलांतराचा अभ्यास करायचा कशावर? अजूनही मला वाटतं त्यात मी बरोबर होतो. तो मुद्दा मी सोडलेला नाही, तुम्ही गेलात म्हणून काय झालं.

बंद घरांवरून मात्र आपलं कायमचं वाकडं. पाहणीचा नियम सोपा आहे. दाराला कुलूप दिसलं, दुसऱ्या खेपेलाही दिसलं, की ते घर वगळायचं आणि पुढच्या दाराला जायचं. नियम नसेल तर दिवस संपेल, गल्ली संपणार नाही. तुम्ही बंद घराच्या शेजारी जाऊन पायरीवर बसायचात. शेजारणीला विचारायचात, कुठं गेलेत, येतात का, किल्ली कुणाकडं असते. मी उन्हात उभा. "बाई, घरात माणूस नाही, आपण मोजायचं कुणाला?" असं मी ओरडायचो, आणि तुम्ही आरामात शेजारणीचा चहा पीत म्हणायचात, "घरात माणूस नाही म्हणजे घर नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

एक मात्र मान्य करतो. जाणाऱ्या माणसांबद्दल तुम्ही कधी रडगाणं गायलं नाहीत. गिरण्या गेल्या, माग कमी झाले, पोरं पुण्याला, हैदराबादला पांगली, शाळेत वर्गांचे वर्ग रिकामे, ओट्यांवर म्हातारी माणसं तेवढी उरली. हे सगळं आपण दारोदार हिंडून बघितलं. कुणी शहर ओस पडलं असं लिहिलं की तुमचा पारा चढायचा. "गेलेल्या माणसासाठी हळहळणं सोपं असतं," तुम्ही म्हणायचात. "तो तिकडं पोटभर जेवतोय का, झोप लागते का, कुणाशी मनातलं बोलतो का, ते आधी बघ. मग हळहळ." गेले काही दिवस हे वाक्य मी स्वतःला सुनावतोय. फारसा उपयोग होत नाही. तुमची लई आठवण येते, बाई. विभागात तुमच्या खुर्चीवर कुणी बसलं की मला राग येतो, आणि ते बिचारं नवीन आलेलं असतं.

मग गुडघे गेले, छातीचं दुखणं निघालं, आणि श्रीनिवास तुम्हाला घेऊन गेला. निघताना तुम्ही घराला कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं आणि मला म्हणालात, "तोंड पाडू नकोस. मी राहायला जात नाही. फील्डवर चाललेय."

आणि खरंच फील्ड केलंत की. त्या उंच इमारतींच्या मधल्या बागेत तुमच्यासारख्याच आयांचा बाक होता. कुणी नांदेडची, कुणी इंदूरची, कुणी थेट पाटण्याची. सगळ्यांना मुलांनी आणलेलं. तुम्ही महिनाभरात सगळ्यांना तो प्रश्न विचारून मोकळ्या. एकीच्या मुलानं सेक्रेटरीकडं तक्रार केली, हे तुम्ही मला फोनवर इतक्या आनंदानं सांगितलंत की मलाच काळजी वाटली.

"काय म्हणतात सगळ्या?" मी विचारलं.

"मुलगा नेईल तिकडं, म्हणतात."

"हे उत्तर नव्हे, बाई. ही मुलाची मर्जी राखणं झालं."

"शाबास," तुम्ही म्हणालात. शाबासकी तुमच्याकडून तशी कमीच मिळायची, म्हणून लक्षात राहिली. मग मी संधी साधली. "आणि तुमचं? ठरलं का?"

"ठरलंय. पण तुला सांगणार नाही. तू लगेच कुठंतरी छापशील."

ते तसंच राहिलं. पुढं कधी विचारायला धजलो नाही, कारण तुमचा श्वास बोलताना तुटायला लागला होता.

एक गोष्ट मात्र तुम्ही कधी सोडली नाहीत. फोन उचलला की तब्येत नाही, हवापाणी नाही, पहिला प्रश्न, "आमच्या गल्लीत पाणी आलं का रे?" आता मी राहतो सात रस्त्याला, तुमची गल्ली पार पूर्व भागात. आमच्या नळाचा वार वेगळा, तुमचा वेगळा. चार-पाच दिवसांआड पाणी, त्यात कधी पहाटे, कधी भर दुपारी. मला काय ठाऊक? तसं म्हटलं तर तुम्ही म्हणायचात, "मग जाऊन बघ. कॉलेजातून येताना तेवढीच वाट वाकडी." मी स्कूटर घेऊन जायचो. बायका नळीनं पिंपं भरताना दिसल्या की तुम्हाला कळवायचो, आलं. तुम्ही म्हणायचात, बरं. पुण्यात तुमच्याकडं चोवीस तास नळाला धार, आणि इथल्या पाण्याची चौकशी कशाला, हे काही मी विचारलं नाही. म्हातारपणी होतं असं थोडं, असं समजून गेलो. तुमच्या दाराचं कुलूप बघितलं आणि स्कूटर वळवली. माझा नियम मी पाळला.

आता त्या दिवसाचं ऐका.

गाडी दुपारी गल्लीत आली. तुमचे दीर वाटभर धुसफुसत आलेले दिसत होते. पुण्यात सगळी सोय असताना एवढं लांब आणायची काय गरज होती, बंद घर, ना झाडलोट, ना पाणी. ते श्रीनिवासला सुनावत होते आणि बघत होते माझ्याकडं. श्रीनिवासनं खिसे चाचपले. मग दुसरे खिसे चाचपले. किल्ली पुण्यातच राहिली होती. तुम्ही दाराशी, आणि दाराला कुलूप. तुमच्या मुलानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत सरळ लिहिलेलं होतं की सर, तुमचं ऐकून चूक केली. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं. कुणीतरी दगड शोधायला वळलं.

तेवढ्यात शेजारच्या पद्माअक्का बाहेर आल्या. बिड्या वळत होत्या, हाताला तंबाखू तशीच. तुम्हाला बघून त्यांनी एकदा मोठ्यानं हाक मारली, मग हात पदराला पुसले आणि कमरेची किल्ली काढली. दगड घेऊन आलेल्याला म्हणाल्या, "ते टाक बाजूला."

दार उघडलं. आत धूळ नव्हती. देवासमोर कालचंच फूल असावं, फार सुकलेलं नव्हतं. मोरीत निळं पिंप काठोकाठ भरलेलं, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. त्या दिवशी गल्लीत पाण्याचा वार नव्हता, बाई. पुढच्या पाण्याला अजून अवकाश होता. सगळी गल्ली पाणी पुरवून पुरवून वापरत होती, आणि वर्षभर बंद असलेल्या घरात पिंप भरलेलं होतं.

"हे कुणी भरलं?" श्रीनिवासनं विचारलं.

"मी. पाणी येतं तेव्हा भरायला नको?"

"पण अक्का, अम्मा इथं नव्हती ना."

पद्माअक्का त्याच्याकडं बघतच राहिल्या. त्याला नीट ऐकू येतं की नाही अशी शंका आल्यासारख्या. "नव्हती म्हणजे? रोज फोन करत होती की. 'नीळ्ळु वच्चिनया?' पाणी आलं का, माझं भरलं का. जुनं झाडांना घालायचं, नवीन भरायचं. न भरता तिला काय सांगू मी?"

म्हणजे तुम्ही आम्हा दोघांना विचारत होतात. पद्माअक्का भरतात का बघायला मला धाडत होतात, की मी जाऊन बघतो का हे त्यांच्याकडून ताडून घेत होतात, देव जाणे. दोन ठिकाणी विचारून ताळा घ्यायची तुमची खोड. तसल्या दिवशीही मला हसू फुटलं, आणि ते लपवायला मी रस्त्याकडं तोंड केलं.

त्याच पाण्यानं तुम्हाला शेवटची आंघोळ घातली. बायका आत होत्या, आम्ही बाहेर. तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज येत होता. तुमचे दीर ओट्यावर बसले होते. श्रीनिवास माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, बरं झालं इथं आणलं." मी मान हलवली. बोललो असतो तर रडलो असतो. नंतर रडलोच, स्मशानातून परत आल्यावर, पद्माअक्कांच्या पायरीवर बसून, सगळ्यांदेखत.

तर हा आधार. उत्तर आधी दिलं आणि आधार मागून सापडला, ही पद्धत तुम्ही चालवून घेतली नसतीत. पण उत्तर बरोबर होतं, बाई. त्यात मला तिळमात्र शंका नाही. आणि त्या एसटीत तुम्ही मागितलेला जित्या माणसाचा प्रश्नही सापडला. तो तुम्हीच मला वर्षभर फोनवर विचारत होतात, मी मेला फक्त उत्तरं देत राहिलो. आता पुढच्या पाहणीला नवीन मुलांना सांगितलंय. दाराला कुलूप दिसलं तर शेजारी जा, पायरीवर बसा, चहा दिला तर प्या, आणि विचारा, या घराचं पाणी कोण भरतं? तुमचा तो प्रश्नही ठेवलाय. खोडायचा तर तुम्हीच खोडायचा होता.

एक राहिलं. माझ्या प्रबंधाच्या सुरुवातीला मी लिहिलं होतं की तुमचे माझ्यावर उपकार आहेत. तुम्ही लाल शाईनं ते खोडलंत, समासात लिहिलंत, "मोजता येत नाही, काढून टाक." मी मुकाट काढलं. आज ते परत घालतोय. उपकार आहेत, बाई. मोजता येत नाहीत.

काल सकाळी पद्माअक्कांचा फोन आला. मागं नळाचा आवाज, बायकांचा गलका. दहावं उरकून श्रीनिवास पुण्याला परतला होता, घराला पुन्हा कुलूप. "सर," त्या म्हणाल्या, "पाणी आलंय. अम्माचं भरू का?"

मी म्हणालो, "भरा."